दुसरा साक्षीदार



मोशेच्या नियमशास्त्रात एक शहाणी अट आहे. एकट्या साक्षीदाराच्या शब्दावर कोणालाही दोषी ठरवायचे नाही. दोन किंवा तीन साक्षी हव्यात. ही अट आपल्या खानदेशच्या इतिहासाला लावली तर काय दिसेल?

१८१८ साली पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. इथल्या डोंगरांतल्या भिल्लांची साहेबाच्या राज्याशी गाठ पडली ती तेव्हा. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने भिल्ल पलटण उभारली; तिचे ठाणे धरणगावी होते. सेंधव्याचा घाट राखणारा खाज्या नाईक १८५७ मध्ये उठला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीची लढाई झाली. हे आपल्याला कळते ते बहुतेक इंग्रज अधिकाऱ्यांच्या कागदांतून, आणि त्यांत भिल्ल म्हणजे लुटारू! साक्षीदार एकच, आणि फिर्यादीही तोच.

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने १९२७ पासून जुनी दप्तरे जपली, हे मोठेच काम. पण ज्यांच्या घरी दप्तर नव्हते, त्यांची साक्ष कोठे शोधायची? ती म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. शेजारच्या डांगात इतिहासकार अजय स्कारिया यांनी आदिवासींच्या 'गोठी' ऐकून १९९९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या गोठींत 'मोगलाई' म्हणजे रानात मोकळे फिरण्याचा काळ. त्यानंतर जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या. तिथे सन-तारखा नाहीत. पण काय गेले, ते कळते.

कोणी म्हणेल, तोंडी गोष्टीत भर पडते. खरे आहे. पण वरिष्ठांना खूश करण्यासाठी लिहिलेल्या कागदातही भर पडतेच. शिवाय आपण ख्रिस्ती लोकांनी हा आक्षेप घ्यावा कसा? प्रभू येशूने एकही ग्रंथ लिहिला नाही. त्याचे शब्द लिहिले जाण्याआधी कित्येक वर्षे तोंडोतोंडीच चालत आले. आपल्याला मिळाले तेच पुढे सोपवले, असे संत पौल करिंथकरांना कळवतो. आपली श्रद्धाच ऐकणाऱ्यांनी राखलेली आहे.

संत थॉमस अक्वायनस न्यायाचा अर्थ सांगतात : ज्याचे त्याला देणे. आम्हाला वाटते, मेलेल्यांचेही देणे असते. त्यांची बाजू न ऐकता त्यांना लुटारू म्हणत राहणे हा आठव्या आज्ञेचा भंगच आहे.

मात्र गोष्ट सांगणाऱ्याची असते, टिपणाऱ्याची नव्हे. म्हणून आधी परवानगी घ्यावी. भिली, पावरी, मावची, ज्या बोलीत सांगितली त्याच बोलीत ती ठेवावी. आपल्या मराठीत घासूनपुसून नव्हे. जे घरातच राहावे असे त्यांना वाटते, ते घरातच राहू द्यावे. आणि त्यात पाद्र्यांविषयी कडू शब्द आला, तर तोही गाळू नये.

आपल्या धर्मग्रामातल्या तरुणांनो, मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे. या आठवड्यात आजी-आजोबांजवळ तासभर बसा. त्यांच्या आजोबांनी साहेबाबद्दल काय सांगितले होते, ते विचारा, आणि मध्ये न बोलता ऐका. ही साक्ष देणारी माणसे फार दिवस आपल्यात असणार नाहीत.

प्रभू आपल्याला ऐकणारे कान देवो.