घडून गेलेल्यासाठी प्रार्थना

गावात शिरणाऱ्या वाटसरूच्या कानावर रडारड आली, तर ती आपल्या घरची नसावी अशी प्रार्थना त्याने करावी का? इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेला ज्यू धर्मशास्त्राचा ग्रंथ मिश्ना ही प्रार्थना व्यर्थ ठरवतो. रडारड कोणाच्या घरची, हे तोवर ठरून गेलेले असते. गर्भ मुलाचाच असावा अशी प्रार्थनाही त्याच कारणाने व्यर्थ. यावर ताल्मूद या मिश्नावरील चर्चेच्या ग्रंथात शंका निघते, की बायबलमधल्या याकोबाची पत्नी लेआ हिच्या बाबतीत पोटातल्या मुलाची मुलगी झाली होती, त्याचे काय? त्यावरचे एक उत्तर मार्मिक आहे: चमत्काराचा दाखला नियमाविरुद्ध काढायचा नसतो. तेराव्या शतकात ख्रिस्ती धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसने आणखी पुढे जाऊन सांगितले की, घडलेले न घडलेले करणे ही गोष्टच विसंगत असल्याने ती सर्वशक्तिमान ईश्वराच्याही शक्तीत बसत नाही.

जादूने युद्धकाळात जाणाऱ्या मुलांच्या कादंबऱ्या नेमक्या या बंद दारावर थाप मारतात. त्यांतल्या बऱ्याच निव्वळ साहसकथा असतात. जेन योलेन यांची ‘द डेव्हिल्स अरिथमेटिक’ (1988) मात्र हा प्रश्न धर्माच्या अंगाने मांडते. अमेरिकेतली ज्यू मुलगी हॅना वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री थोरांच्या त्याच त्या आठवणींना कंटाळलेली आहे. प्रथेप्रमाणे एलिया संदेष्ट्यासाठी ती दार उघडते (कोकणातल्या बेने इस्रायलींच्या मलिद्यात मान असतो तो याच एलियाचा) आणि 1942 च्या पोलंडमध्ये खाया नावाची मुलगी होऊन उभी राहते. नाझी काय करणार हे एकट्या तिला माहीत असते. ती सांगते, पण कोणी विश्वास ठेवत नाही आणि सगळ्यांची रवानगी छळछावणीत होते. अखेर मैत्रीण रिव्का हिची मृत्यूसाठी निवड होते तेव्हा हॅना तिच्या जागी जाते. पुन्हा वर्तमानात आल्यावर तिला कळते, की आजोबांची बहीण ईवा म्हणजेच ती रिव्का.

म्हणजे इतिहास बदलला का? नाही. ईवा पहिल्या पानापासून जिवंतच होती. डेव्हिड ल्यूइस या तत्त्वज्ञाने 1976 च्या निबंधात हाच मुद्दा मांडला होता: कालप्रवासी भूतकाळात कृती करू शकतो, पण ती कृती पहिल्यापासूनच त्या भूतकाळाचा भाग असते. मिश्नाचा नियम त्यामुळे मोडत नाही.

मग हॅनाच्या त्यागाला किंमत काय, असे कोणी विचारेल. गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुनासमोर हाच पेच आहे. भीष्म-द्रोण काळाच्या मुखात जाताना दिसल्यावरही त्याला निमित्तमात्र होऊन लढायचेच असते. तरी दोघांत मोठा फरक आहे. अर्जुनाला शेवट दाखवला गेला. हॅनाला महासंहाराचा शेवट ठाऊक होता, रिव्काचा नव्हता. त्या अज्ञानातच तिचे स्वातंत्र्य आहे. निकाल ठरलेला असला, तरी तो तिच्या निवडीतूनच ठरला.

वल्हांडणाची शिकवण अशी, की प्रत्येक पिढीतल्या माणसाने इजिप्तच्या गुलामीतून आपण स्वतःच सुटलो असे मानावे. योलेन यांची जादू या आज्ञेचे शब्दशः पालन आहे. भूतकाळ दुरुस्त करण्याऐवजी तो अंगावर घ्यायला लावणारी ही जादू म्हणूनच धर्माशी सुसंगत ठरते.

मराठीत जयंत नारळीकरांनी दुसरी वाट धरली. त्यांच्या पानिपतावरील विज्ञानकथेतला इतिहासकार भूतकाळात जातच नाही. पेशव्यांचे पुत्र विश्वासराव गोळीतून बचावले आणि मराठे जिंकले अशा निराळ्या जगात तो पोहोचतो. तो परततो, तेव्हा या जगातले 14 जानेवारी 1761 चे पानिपत हरलेलेच असते.