17 सेंटिमीटरचा चौकोन

बसा. लहान गेमिंग पीसीच्या भागांच्या किमतींची यादी उघडी असेल, तर ती मिटा.

टेबलावर हात ठेवा. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत वीत पसरा.

त्या वितीहून थोडा कमी, 17 सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद, असा एक चौकोन तुमच्यासमोर आहे. मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड. 2001 साली तैवानच्या व्हिया कंपनीनं हे माप आणलं. आजही ते तेवढंच आहे.

बघा त्याच्याकडे. नुसतं बघा.

मध्ये प्रोसेसरचं सॉकेट. शेजारी रॅमच्या दोन खाचा. कडेला एक लांब खाच, ग्राफिक्स कार्डाची.

एकच.

पुढे कधीतरी दुसरं कार्ड जोडू म्हणावं, तर त्याला जागा नाही. हे ‘नाही’ जरा जाणवू द्या.

श्वास घ्या. सोडा.

एक संथ श्वास चार सेकंदांचा धरा. गेम सेकंदाला 60 चित्रांनी चालत असेल, तर एवढ्यात पडद्यावर 240 चित्रं येऊन जातात. एकेका चित्राच्या वाट्याला सोळा-सतरा मिलिसेकंद.

ती चित्रं ग्राफिक्स कार्ड रंगवतं. पैसे मोजके असतील, तर सर्वांत मोठा वाटा त्यालाच जाऊ द्या. आरटीएक्स 4060 असो की जुनं आरएक्स 6600, दोन्हींवर 8 जीबी मेमरी. 1080पी पडद्यावर, सेटिंग थोडी उतरवायची तयारी असेल, तर बहुतेक गेम सुखानं चालतात.

मनातल्या मनात ते कार्ड हातात घ्या. त्याचं वजन जाणवू द्या. पंख्यांच्या पात्यांवरून बोट फिरवा.

लांबी बघा, मिलिमीटरमध्ये. जाडी बघा. आता ती जागा बघा, जिथे विजेची वायर कार्डात खोचली जाते. वायर एकदम वळत नाही. तिला वळायलाही थोडी जागा लागते, आणि लहान कॅबिनेटात नेमकी तीच मोजायची राहते.

त्या वळणापाशी थांबा.

आता कॅबिनेटचं झाकण लावा.

हवा आत कुठून येते? बाहेर कुठून जाते?

तुमचा श्वास बघा. येताना नाकपुड्यांशी गार, जाताना कोमट. या पेटीचंही तसंच आहे. राइझन 5 5600 हा प्रोसेसर कागदावर 65 वॅटचा. 4060 कार्ड 115 वॅटचं. दोघांचे मिळून 180. खेळ रंगात आला, की ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन हवेत उतरते. मे महिन्यातल्या मुंबईत तर आत येणारी हवाच तापलेली असते.

म्हणून जाळी कुठे आहे ते बघा. काचेच्या झाकणाचा मोह होईल. होऊ द्या. मग पुन्हा जाळीकडे या.

कान द्या.

रात्र आहे. त्याच खोलीत कुणी झोपलेलं आहे. पंख्याचा किती आवाज तुम्हाला चालेल? 5600 च्या डब्यात येणारा कूलर काम निभावतो, पण जोर आला की ऐकू येतो. वेगळा घ्यायचा, तर त्याची उंची कॅबिनेटात मावायला हवी.

रॅम 8-8 जीबीच्या दोन, म्हणजे दोन्ही खाचा भरतात. एसएसडी 1 टीबीची, एनव्हीएमई. इथे रेंगाळायला नको.

एसएमपीएसपाशी मात्र थांबा. लहान मापाचा, एसएफएक्स. बाकी सगळ्यांना वीज हाच देतो, आणि दिसत नाही म्हणून काटकसर नेमकी यावरच होते. 4060 साठी 550 वॅटचा, नावाजलेल्या कंपनीचा घ्या. रंगीत दिवे वगळा, ते पैसे इकडे वळवा.

पुन्हा श्वास. सावकाश.

आता आत एक प्रश्न सोडा आणि उत्तराची घाई करू नका. लहान कशासाठी हवंय?

हॉस्टेलच्या टेबलावर वह्यांशेजारी ठेवायला? सुट्टीत पिशवीत घालून गावी न्यायला? की फोटोत बघून आवडलं म्हणून?

तेही चालेल. फक्त ऐकू येऊ द्या. मिनी-आयटीएक्स बोर्ड आणि एसएफएक्स एसएमपीएस, दोन्ही त्यांच्या मोठ्या भावंडांपेक्षा सहसा महाग पडतात. इथे लहानपणाचे पैसे मोजावे लागतात. उत्तर डळमळीत आलं, तर 24.4 सेंटिमीटरचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड बघा. वाचलेले पैसे कार्डाकडे जातील. उत्तर ठाम आलं, तर 17 वरच राहा.

मग कागद घ्या. कॅबिनेटात किती लांबीचं कार्ड बसतं आणि किती उंचीचा कूलर, ते आकडे लिहा. मुंबईत असाल, तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर दोन-तीन दुकानांत कोटेशन मागा. कॅबिनेट उघडून दाखवायला सांगा, संकोच करू नका. आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या, वॉरंटीसाठी ते लागतं.