अर्ज न करता मिळणारी सुट्टी

जगातले सर्वाधिक मुसलमान ज्या देशात राहतात, त्या इंडोनेशियाच्या राष्ट्रीय सुट्ट्यांच्या यादीत नववर्षाचे चार दिवस आहेत: 1 जानेवारी, हिजरी सनाचा 1 मोहरम, बालीतल्या हिंदूंचा न्येपी आणि चिनी वंशीयांचा इमलेक. न्येपीला शक वर्ष सुरू होते, म्हणून तो अनेकदा आपल्या पाडव्याच्या आगेमागे येतो. त्या दिवशी बालीचा विमानतळसुद्धा बंद असतो.

इमलेकला मात्र या यादीत यायला 2003 उजाडले. 1967 मध्ये सुहार्तो राजवटीने चिनी धर्माचार आणि चालीरीती उघडपणे पाळण्यावर बंदी घातली. चिनी शाळा बंद पडल्या, चिनी लिपीतल्या पाट्या उतरल्या, अनेक कुटुंबांनी इंडोनेशियन वळणाची नावे घेतली. मे 1998 च्या दंगलीत जाकार्तात चिनी वंशीयांची घरे-दुकाने जळाली, बायकांवर अत्याचार झाले. त्याच महिन्यात सुहार्तो पायउतार झाले. जानेवारी 2000 मध्ये राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी 1967 ची बंदी उठवली. नहदलातुल उलमा या बलाढ्य मुस्लिम संघटनेचे नेतृत्व केलेला हा माणूस होता. 2001 मध्ये इमलेक ऐच्छिक सुट्टी झाला आणि वाहिद यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या मेगावती सुकर्णोपुत्री यांनी 2002 मध्ये निर्णय घेऊन पुढच्या वर्षापासून तो राष्ट्रीय सुट्टी केला.

बंदी उठली, ऐच्छिक सुट्टीही मिळाली. मग आणखी काय हवे होते? ऐच्छिक सुट्टीत सण साजरा करणाऱ्याला साहेबांकडे जावे लागते, आपले वेगळेपण कागदावर लिहून द्यावे लागते. ज्यांनी तीस वर्षे ते लपवण्यातच सुरक्षितता शोधली, त्यांच्यासाठी हा अर्ज साधा नसतो. सार्वजनिक सुट्टी ही लेखी कबुली मागत नाही. शिवाय ती सण न पाळणाऱ्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरही जाते: परीक्षेची किंवा बैठकीची तारीख ठरवताना तो दिवस सगळ्यांनाच पाहावा लागतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, एकाला दिली की दुसरा मागणार आणि कामाचे दिवस उरणारच नाहीत. आक्षेप खोटा नाही, पण त्याला डोकी मोजणे हे उत्तर नव्हे. 2010 च्या जनगणनेत चिनी वंशीय म्हणून नोंद झालेले जेमतेम सव्वा टक्का होते. आपल्याकडे पारशी त्याहून कितीतरी कमी, तरी महाराष्ट्राच्या सार्वजनिक सुट्ट्यांत पारशी नववर्ष आहे आणि त्यामुळे राज्याचे काही अडलेले नाही.

खरा धोका वेगळा आहे. सुट्टी सरकारला स्वस्त पडते. लाल कंदील लावायला, शुभेच्छा द्यायला फारसे काही लागत नाही. 1998 च्या पीडितांना न्याय देणे मात्र अवघड, आणि तो अजून मिळालेला नाही. सुट्टी जाहीर करून हिशेब मिटल्याचा आव आणता येतो. म्हणून सुट्टी नाकारावी, असे नाही. तिला भरपाई समजू नये, इतकेच.

एखाद्या समाजाच्या नववर्षाला सुट्टी द्यावी का, हे ठरवताना तो सण किती जण पाळतात, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा: तो पाळायला आजवर कोणाला कोणाची परवानगी मागावी लागली, आणि ती मागायची वेळ त्यांच्यावर राज्यसंस्थेनेच आणली होती का? याचे उत्तर 'हो' असेल, तर कामाच्या एका दिवसाचा खर्च राज्यानेच सोसायला हवा.