यज्ञ, नोव्हेना आणि धूमकेतू

शिरूर घोडनदीच्या काठी वसलेले, दौंड भीमेच्या. या दोन गावांतील आपल्या काही कुटुंबांनी महिन्यातून एकदा रविवारच्या मिस्सानंतर एकत्र बसून विज्ञानकथांचा एखादा संग्रह वाचावा, अशी कल्पना तरुण मंडळींनी मांडली आहे. डॉ. जयंत नारळीकरांच्या, १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘यक्षांची देणगी’चे नावही सुचविले आहे. त्यावर काही ज्येष्ठांचा प्रश्न असा की, चर्चच्या सभागृहात वाचावयाचेच तर संतचरित्रे सोडून हे कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठविली होती. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला होता, इतकेच. निवाडा नावाचा न होता कथेचा व्हावा, ही त्यांची इच्छा. कथेला पारितोषिक मिळाले. पुढे १९८८ साली पुण्यात ‘आयुका’ ही संस्था त्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. २० मे २०२५ रोजी ते निवर्तले. विश्वाचा आरंभ महास्फोटातून झाला हे मत त्यांना कधीच पटले नाही. त्या मताचा पाया घालणारे जॉर्ज लमेत्र मात्र बेल्जियमचे कॅथोलिक धर्मगुरू होते! आणि पोप बारावे पायस यांनी १९५१ साली त्या सिद्धांताची सांगड निर्मितीच्या शिकवणुकीशी घातली, तेव्हा ते खुद्द लमेत्र यांनाच रुचले नाही. श्रद्धेला विज्ञानाच्या कुबड्या देऊ नयेत, हे त्यांना शास्त्रज्ञ म्हणूनही कळत होते आणि धर्मगुरू म्हणूनही. आपल्या वाचनमंडळाने एवढे ध्यानात ठेवले, तरी पुष्कळ निरर्थक वाद टळतील.

नारळीकरांची मला सर्वांत अस्वस्थ करणारी कथा म्हणजे ‘धूमकेतू’. दत्तदा नावाचे एक हौशी आकाशनिरीक्षक नवा धूमकेतू शोधतात. तो पृथ्वीवर आदळणार असे गणिताने निघते. देशोदेशींचे शास्त्रज्ञ गुप्तपणे एकत्र येतात, अवकाशयान पाठवून त्याची वाट बदलण्याचे ठरते. इकडे घरी दत्तदांच्या पत्नीला अरिष्टशांतीसाठी यज्ञ हवा असतो. दत्तदा नकार देतात, तर घरची मंडळी तो परस्पर उरकून घेतात. संकट टळते, आणि पत्नीच्या मनाची खात्री होते की, तारले ते यज्ञाने.

१९९४ साली शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे गुरू ग्रहावर आदळले, आणि २६ सप्टेंबर २०२२ रोजी ‘डार्ट’ नावाचे यान डायमॉर्फोस या लहानशा खगोलावर मुद्दाम आदळवून त्याचा प्रदक्षिणाकाळ सुमारे अर्ध्या तासाने कमी करण्यात आला. आता या कथेला कोणी केवळ कल्पनेचा खेळ म्हणू शकणार नाही.

परंतु तिचे खरे मर्म यानात नाही, घरात आहे. आपल्यापैकी बहुतेक जण ती वाचताना त्या यज्ञाला हसतील. शेजाऱ्याच्या धर्मातील भोळेपणा आपल्याला चटकन दिसतो. मग पावसाने ओढ दिली की आपण जी प्रार्थना करतो, मुलाच्या दहावीसाठी जी नोव्हेना धरतो, रांजणगाव वा कुरकुंभच्या कारखान्यात नोकरी लागावी म्हणून जी मेणबत्ती लावतो, ती कोणत्या न्यायाने निराळी? हा प्रश्न नास्तिकाचा नाही. प्रार्थना करणाऱ्यानेच तो स्वतःला विचारावयाचा आहे.

सेमिनरीत आम्हाला संत थॉमस अक्वायनस शिकविले गेले. त्यांचे म्हणणे असे की, आपण प्रार्थना करतो ती परमेश्वराचा संकल्प बदलण्यासाठी नव्हे. त्याने जे आपल्या प्रार्थनेच्या द्वारेच द्यावयाचे योजिले आहे, ते मिळावे म्हणून. संत ऑगस्टीन तर म्हणतात की, आपल्या गरजा देवाला ठाऊकच आहेत. प्रार्थनेने विस्तारते ते आपले अंतःकरण. हे मान्य केले, तर प्रार्थना ही यंत्राची कळ राहत नाही. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून पित्याची परीक्षा पाहण्यास प्रभू येशूने नकार दिला, तोही याच कारणाने. औषध न घेता नुसती नोव्हेना करणारा मनुष्य माझ्या मते अधिक श्रद्धावान नव्हे. तो त्या शिखराच्या कडेला उभा आहे.

तरीही दत्तदांच्या पत्नीविषयी मला आस्था वाटते. तिला गणित येत नव्हते, यान पाठविणे तिच्या हाती नव्हते. भय मात्र तिच्याही वाट्याला आले होते. त्या भयात ती हात जोडून काही करू पाहते. लेखक तिच्या भोळेपणावर बोट ठेवतो. तिच्या असहायतेकडे मात्र हवे तितके लक्ष देत नाही, असे मला वाटते. २७ मार्च २०२० च्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस पावसात भिजलेल्या, निर्मनुष्य संत पीटर चौकात एकटे उभे राहून प्रार्थना करीत होते. त्या प्रार्थनेने विषाणू थांबेल अशी घोषणा त्यांनी केली नाही. लस पुढे प्रयोगशाळांतून आली, आणि ती घेणे हे प्रेमाचे कृत्य आहे, असे त्यांनीच जगाला सांगितले. ती संध्याकाळ म्हणून व्यर्थ गेली काय?

अशी कथा एकट्याने वाचली की आपण सोयीस्कर ठिकाणी हसून पुढे जातो. चारचौघांत तसे निसटता येत नाही. रेल्वेतून निवृत्त झालेला, विज्ञान शाखेत शिकणारी मुलगी, रात्रपाळी करून आलेला कामगार आणि एखादी आजी एकाच पानावर थांबली, तर हसू कोठे येते आणि कोणाला येत नाही, हे सर्वांना दिसेल. आपल्या मुलांच्या मनात हे प्रश्न आधीपासून आहेतच. ती आपल्याला विचारीत नाहीत, कारण रागावण्यापलीकडे आपण काही करू असे त्यांना वाटत नाही.

म्हणून पहिले वाचन ‘धूमकेतू’चेच ठेवावे, अशी माझी सूचना आहे. एकाने मोठ्याने वाचावे, घरून कोणी पुढचे वाचून येऊ नये. संकट टळते त्या जागी पुस्तक मिटावे, आणि शेवटाकडे जाण्यापूर्वी जमलेल्या प्रत्येकाला, धर्मगुरूलाही, विचारावे: त्या घरात तुम्ही असता, तर त्या रात्री काय केले असते?