परदेशी जाताना मोत्याचे काय?



परदेशी जायचे ठरले की घरात याद्या सुरू होतात. व्हिसा, तिकिटे, मुलांचे शाळेचे दाखले, घराची किल्ली कुणाकडे ठेवायची, वाडीतल्या झाडांना पाणी कोण घालणार. वसईतल्या आपल्या अनेक घरांनी हे दिवस पाहिले आहेत. या यादीत दाराशी शेपटी हलवत बसलेल्याचे नाव मात्र बहुधा सर्वांत शेवटी येते. मग जाण्याच्या आठवड्यात घाईघाईने प्रश्न पडतो, मोत्याचे काय करायचे?

कुत्र्यामांजराची एवढी चिंता कशाला, असे कुणी म्हणेल. आम्हाला हा शब्द पाळण्याचा प्रश्न वाटतो. ज्या दिवशी आपण पिल्लू घरात आणले, त्या दिवसापासून त्याने स्वतःचे पोट स्वतः भरणे सोडले आणि ते आपल्यावर विसंबले. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार, प्राण्याला रास्त कारणाशिवाय उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. कायद्याच्या लेखी त्या विश्वासाची किंमत एवढीच. आपल्या सदसद्विवेकबुद्धीच्या लेखी ती किती, हे ज्याचे त्याने स्वतःला विचारावे.

सोबत न्यायचे असेल तर प्रेमाइतकीच वेळेचीही गरज असते. ब्रिटनला किंवा युरोपीय संघाच्या देशांत न्यायचे झाल्यास आधी कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवावी लागते. त्यानंतर रेबीजची लस. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची तपासणी, आणि रक्त घेतल्यापासून ३ महिने थांबणे. चिपच्या आधी टोचलेली लस धरली जात नाही, ती पुन्हा द्यावी लागते. शेवटी केंद्र सरकारच्या प्राणी विलगीकरण व प्रमाणन सेवेचा आरोग्य दाखला घ्यावा लागतो. म्हणजे तिकीट हाती आल्यावर धावपळ करून हे होणारे नाही. पिंजऱ्याचीही सवय लागते. त्यात प्राण्याला उभे राहता, वळता आणि आडवे होता आले पाहिजे. तो काही आठवडे आधीच घरात उघडा ठेवून त्यातच जेवण द्यावे, म्हणजे प्रवासाच्या दिवशी तो परका वाटत नाही. गुंगीचे औषध देऊन काम उरकण्याचा मोह टाळावा, कारण विमानात त्याने श्वासाला व रक्तदाबाला धोका होऊ शकतो.

पण सोबत नेणे हेच नेहमी प्रेमाचे असते का? ऑस्ट्रेलिया भारतातून थेट कुत्रा-मांजर येऊ देत नाही. आधी मान्यताप्राप्त अशा दुसऱ्या देशात न्यावे लागते. रेबीजच्या तपासणीचे रक्त प्रयोगशाळेत पोहोचल्यापासून किमान १८० दिवस जावे लागतात. वर मेलबर्नजवळच्या मिकलहॅम येथे किमान १० दिवसांचे विलगीकरण. बारा वर्षांच्या म्हाताऱ्या कुत्र्याला किंवा चपट्या नाकाच्या पगला हा प्रवास सोसेल का? आपल्याला त्याच्यावाचून करमणार नाही म्हणून आपण त्याला नेतो, की त्याला आपल्यावाचून करमणार नाही म्हणून? या प्रश्नाचे उत्तर तो देऊ शकत नाही. म्हणूनच ते आपण प्रामाणिकपणे दिले पाहिजे.

खर्चाचाही विचार येतोच. ख्रिस्तसभेने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या धर्मशिकवणीच्या ग्रंथात दोन्ही बाजू शेजारी-शेजारी मांडल्या आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाला शोभत नाही, आणि माणसांचे दुःख दूर करण्यासाठी जो पैसा आधी जायला हवा तो प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही. तेव्हा कर्ज काढून कुत्रा नेणाऱ्याने घरातल्या माणसांकडेही पाहावे. मात्र 'पैसे नाहीत' हे खरे कारण असले, तरी ते त्याला बाजारात सोडून येण्याचे कारण होत नाही.

मागे ठेवायचे ठरले तर तीही तयारीच आहे. पुष्कळदा कुत्रा आईवडिलांच्या गळ्यात पडतो. त्यांना कुणी विचारत नाही. गुडघे धरलेल्या आईला रोज पहाटे त्याला फिरवणे झेपेल का? त्याच्या औषधपाण्याला पैसे कोण पाठवणार? की दोघांनी एकमेकांना सांभाळावे, एवढे म्हणून आपण मोकळे झालो? नवे घर शोधायचे असेल तर दोन-तीन महिने आधी शोधावे. त्या माणसांनी आधी येऊन त्याला खाऊ घालावे, फिरवावे. लशींची वही, त्याच्या सवयी, त्याची भीती, सारे त्यांना सांगावे. तो तिथे रुळला की मगच निरोप घ्यावा.

ज्या घरांतून व्हिसाचे अर्ज गेले आहेत, त्यांनी आजच त्याचे नाव यादीत वर आणावे. आणि जे आपण इथेच राहणार आहोत, त्यांनी शेजाऱ्याच्या निरोपसमारंभाला जाण्याआधी एकदा विचारावे, "तुमच्या मोत्याचे काय ठरले?" कदाचित आपल्याच पडवीत त्याच्यासाठी जागा असेल.