मागून आलेली स्त्री
(मार्क ५:२५-३४)

बारा वर्षें रक्तस्रावानें पीडलेली ती स्त्री प्रभूच्या समोर आली नाहीं. ती गर्दींत मागून आली. आपलें दुखणें चारचौघांत सांगण्याजोगें नाहीं, असें तिला वाटलें. तिला दोष कोण देईल? आमच्या मंडळ्यांतही दुखणें पदराखालीं झांकणाऱ्या भगिनी थोड्या नाहींत.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग असाच झांकून वाढतो. एका विषाणूचा संसर्ग दीर्घकाळ राहिला म्हणजे तेथील पेशी बिघडूं लागतात. त्यांचा कर्करोग होण्यास बहुधा दहा वर्षें किंवा अधिक काळ जातो. देव एवढा अवधि देतो. परंतु त्या काळांत कांहींच दुखत नाहीं. रक्त जाऊं लागल्यावर येणें म्हणजे पुष्कळदां उशिरां येणें होय.

तपासणी तरी केवढी? शिरक्यांत असतें तेंच आम्ल पातळ करून पडद्याआड त्या जागीं लावितात आणि सुमारें एक मिनिटानें पाहतात. बिघडलेली जागा पांढरी दिसते. ती दिसली म्हणजे कर्करोगच झाला असें नव्हे. वेळींच उपचार केल्यास तो टाळतां येतो. ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांची अशी तपासणी दर पांच वर्षांनीं व्हावी, असें केंद्र सरकारनें २०१६ सालीं ठरविलें.

हें दूरदेशचें सांगणें नव्हे. तेव्हांच्या उस्मानाबाद, आतांच्या धाराशिव जिल्ह्यांत १९९९ सालीं खेड्यापाड्यांतील १,३१,७४६ स्त्रियांमध्यें एक मोठा अभ्यास सुरू झाला. ज्या गटास विषाणूची तपासणी एकदांच देऊं केली, त्यांत या रोगाचे मृत्यु तपासणी न दिलेल्या गटाच्या मानानें सुमारें निम्मे झाले, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालें.

कोणी म्हणेल, "गेलें तर लोक काय म्हणतील?" भगिनींनो, हा संसर्ग बहुतेक विवाहितांस केव्हां ना केव्हां होतो, त्यावरून कोणाच्या शीलाचा निवाडा करूं नये. कोणी म्हणेल, "आम्ही प्रार्थना करितों." अवश्य करा, परंतु त्या स्त्रीनें वैद्यांकडे धाव घेतली म्हणून प्रभूनें तिला बोल लाविला नाहीं. ती थरथर कांपत पुढें आली, तेव्हां त्यानें तिला लाजविलें नाहीं. कन्या म्हणून हांक मारिली. ज्यांस प्रभु कन्या म्हणतो, त्यांनीं कोणापुढें लाजावें?

उपदेशक बंधूंनो, तपासणीचा दिवस उपासनेनंतर मंडळीस कळवा. वडील स्त्रियांनीं सुनांस सोबत न्यावें आणि स्वतःही तपासून घ्यावें. पतींनो, त्या दिवशीं चूल व लेंकरें तुम्ही सांभाळा. त्या स्त्रीची बारा वर्षें गेलीं. आमच्या भगिनींचें एकही वर्ष वायां न जावो. आमेन.