आपल्याच आकाराचे काळे यान

२०१३ साली प्रदर्शित झालेल्या ‘स्टार ट्रेक इन्टू डार्कनेस’ या चित्रपटाच्या उत्तरार्धात ‘व्हेन्जन्स’ नावाचे एक अंतराळयान प्रकट होते. त्याची मूळ मांडणी या कथामालिकेच्या चाहत्यांना अर्धशतकापासून परिचित असलेल्या ‘एंटरप्राइझ’ या यानासारखीच आहे: पुढे मोठी गोल तबकडी, तिच्या मागे आणि खाली यानाचा दुय्यम देह, आणि त्याच्या दोन्ही अंगांना प्रकाशापेक्षा अधिक वेगाने नेणारी, म्हणजे या कथाविश्वाच्या परिभाषेत ‘वॉर्प’ पद्धतीची, दोन लांबट इंजिने. मात्र हे यान एंटरप्राइझच्या दुप्पट आकाराचे आहे, रंगाने काळपट आहे, त्याच्या कडा धारदार आहेत आणि तबकडीचा मधला भाग कापून काढल्यासारखा पोकळ आहे. शॉन हारग्रीव्ह्ज या संकल्पन-चित्रकाराने घडवलेल्या या रूपावर चाहत्यांच्या ज्या प्रतिक्रिया उमटल्या, त्यांत विसंगती होती. यान देखणे आहे, असे अनेकांनी मान्य केले आणि त्याच वेळी असे यान या कथाविश्वात असताच कामा नये, असेही ठामपणे सांगितले. सौंदर्याचा स्वीकार आणि अस्तित्वाचा नकार एकाच निवाड्यात कसे नांदू शकतात, हा प्रश्न वरवर पाहता करमणुकीच्या प्रांतातला वाटतो. परंतु त्याचे मूळ कल्पित वस्तूच्या आकाराकडून प्रेक्षक कोणत्या सत्याची अपेक्षा करतो, या गंभीर विचारात आहे.

ताऱ्यांदरम्यान प्रवास करणारे यान आजवर कोणी बांधलेले नाही, त्यामुळे त्याचा आकार खरा की खोटा हे ताडून पाहण्यास कोणतीही प्रत्यक्ष वस्तू उपलब्ध नाही. घोडा किंवा किल्ला चुकीचा काढला तर पाहणारा अनुभवाच्या आधारे चूक दाखवतो. यानाच्या बाबतीत मात्र आधार उरतो तो फक्त त्या कथाविश्वाने स्वतःच घालून दिलेल्या नियमांचा. हे नियम स्टार ट्रेकमध्ये प्रथम घातले ते मॅट जेफरीज या कलादिग्दर्शकाने. जेफरीज स्वतः वैमानिक होता. मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी याने त्याला काय नको ते सांगितले होते: अग्निबाणासारखा आकार नको, पंख नकोत, मागून निघणाऱ्या ज्वाळा नकोत. ८ सप्टेंबर १९६६ रोजी मालिकेचे प्रसारण सुरू झाले तेव्हा दिसलेले यान या निषेधांतून आणि जेफरीजच्या तंत्रज्ञ वृत्तीतून आकाराला आले होते. इंजिनांची शक्ती प्रचंड आणि म्हणून धोकादायक असणार, तेव्हा ती माणसांच्या वस्तीपासून दूर, लांब खांबांवर ठेवावीत. यंत्रे दुरुस्त करण्यासाठी कोणाला यानाबाहेरच्या पोकळीत जावे लागू नये, म्हणून बाह्यांग गुळगुळीत असावे आणि सारी सामग्री आत असावी. असे त्यामागचे तर्क होते. माणसाच्या जिवाची काळजी हा या यानाच्या रूपाचा पाया आहे, आणि चाहत्यांनी तो पाया कोणी न शिकवता ओळखला.

शत्रूचे यान रचतानाही जेफरीजने हीच शिस्त पाळली. १९६८ साली मालिकेच्या तिसऱ्या पर्वासाठी त्याने क्लिंगॉन या लढवय्या जमातीची युद्धनौका, जिला चाहते ‘डी-सेव्हन’ म्हणतात, ती रेखाटली. तिचा आकार पाखट जातीच्या ‘मांटा’ या माशावरून सुचलेला होता. तिच्यातही इंजिने दोन आणि देहापासून दूरच आहेत, अधिकाऱ्यांचा कक्ष पुढे आहे. म्हणजे घटक एंटरप्राइझचेच. फरक पडतो तो मांडणीने. कक्ष लांब मानेच्या टोकाशी गेला आहे, पंख खाली झुकले आहेत, आणि सगळी आकृती झडप घालण्याच्या तयारीत असल्याचा भास होतो. पाहणाऱ्याला त्यातून एकाच वेळी दोन गोष्टी कळतात: हे लोकही त्याच भौतिक नियमांखाली जगतात, आणि त्या नियमांचा उपयोग ते वेगळ्या हेतूने करतात.

भारतीय काव्यशास्त्राने भयानक रसाचा स्थायीभाव ‘भय’ आणि रौद्र रसाचा स्थायीभाव ‘क्रोध’ असा जो भेद केला आहे, तो येथे फार उपयोगी पडतो. अणकुचीदार टोके, लाल दिवे, काळा रंग, नखांसारखे अवयव ही सामग्री क्रोधाची आहे. ती समोरच्याला दरडावते, पण तेवढ्याने प्रेक्षकाच्या मनात भय उपजतेच असे नाही. विज्ञानकथेतील ज्या यानांनी खरोखर भय निर्माण केले, ती बहुतेक या सामग्रीवाचूनच. मे १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या पहिल्याच दृश्यात पडद्याच्या वरच्या कडेतून आत शिरणारे आणि बराच वेळ संपतच नाही असे वाटणारे साम्राज्याचे ‘स्टार डिस्ट्रॉयर’ हे यान काळे नाही, फिकट राखाडी आहे. त्याचा आकार साधी पाचर आहे. ज्या लहानशा यानाचा ते पाठलाग करते आहे त्याच्या तुलनेत त्याचे प्रमाण आणि त्याची अविचल गती यांतून एका राजवटीचे स्वरूप कळते, तेही कोणत्याही पात्राने एक वाक्य उच्चारण्यापूर्वी.

याहूनही टोकाचे उदाहरण मे १९८९ मध्ये ‘द नेक्स्ट जनरेशन’ या पुढच्या मालिकेत आलेल्या बोर्ग जमातीच्या घनाकृती यानाचे आहे. बोर्ग म्हणजे यंत्र आणि जीव यांचा संकर होऊन, व्यक्तित्व पुसून, एकाच सामूहिक मनाने चालणारा समूह. त्यांच्या यानाला पुढची बाजू नाही, मागची नाही, अधिकाऱ्याचा कक्ष नाही, यंत्रांचा स्वतंत्र विभागही नाही, आणि पोकळीत हवेचा अडथळा नसल्यामुळे निमुळत्या आकाराची गरजही नाही. तर्काच्या दृष्टीने हे या सगळ्या इतिहासातले बहुधा सर्वांत निर्दोष यान असेल. आणि नेमके तेच सर्वांत भयंकर आहे, कारण ज्याला तोंड नाही त्याच्याशी बोलणी कशी करावी, हे पाहणाऱ्याला सुचत नाही. त्याच्या रूपाचे कारण आणि त्याच्या भयाचे कारण एकच आहे. चाहत्यांनी या घनाला जवळपास एकमुखाने मान दिला, याचे मर्म या एकरूपतेत शोधावे लागते.

या पार्श्वभूमीवर २००९ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटातील ‘नराडा’ या यानाविषयी चाहत्यांनी विचारलेला प्रश्न किती रास्त होता हे ध्यानात येते. नराडा हे कथेनुसार रोम्युलन जमातीचे खाणकामाचे यान आहे, भविष्यातून भूतकाळात फेकले गेलेले. पण दिसते मात्र असंख्य वाकड्या सुऱ्या एकत्र बांधल्यासारखे. खनिज काढणाऱ्या मजुरांना अशा यानाचा उपयोग काय, माल कोठे भरायचा, आत कठडे नसलेल्या उंच फळ्यांवरून त्यांनी चालावे का, असे प्रश्न उपस्थित झाले. याचे उत्तर चित्रपटात नाही. ते चित्रपटाच्या आधी निघालेल्या ‘काउंटडाउन’ या चित्रकथेत आहे: बोर्गांचे तंत्रज्ञान त्या यानावर चढवले गेले आणि त्यातून ते असे विपरीत वाढले. उत्तर कल्पक आहे यात शंका नाही. तरीही जे कारण पडद्यावरच्या आकारातून दिसत नाही आणि दुसऱ्या पुस्तकातून आणावे लागते, ते आकाराला उशिरा जोडलेले समर्थन ठरते, आणि त्यामुळे नराडाचे भय डोळ्यांपुरतेच राहते.

असे प्रश्न विचारणाऱ्या चाहत्यांना क्षुल्लकाचे भक्त समजण्याची प्रथा आहे, आणि ती अन्यायकारक आहे. १९७५ साली फ्रान्झ जोसेफ या विमान-उद्योगातून निवृत्त झालेल्या आरेखकाने एंटरप्राइझचे मजलावार नकाशे आणि पाठोपाठ ‘स्टार फ्लीट टेक्निकल मॅन्युअल’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलीच्या चाहते-मंडळातील स्टार ट्रेकचे वेड पाहून तो या कामाकडे वळला होता. मालिका १९६९ मध्येच बंद पडली असताना या पुस्तकांना मोठा वाचकवर्ग मिळाला. त्यांतील नकाशांत झोपण्याच्या खोल्या आहेत, भांडारे आहेत, जिने आहेत. कल्पित वस्तू राहण्याजोगी आहे का, हे तपासणे हा वाचनाचाच एक प्रकार आहे, आणि तो वास्तुरचनेच्या समीक्षेला फार जवळचा आहे. विशेष म्हणजे याच ग्रंथात एंटरप्राइझच्या घटकांपासून बनवलेली, तीन इंजिनांची ‘ड्रेडनॉट’, म्हणजे महाकाय युद्धनौका, रेखाटलेली आहे. व्हेन्जन्सच्या जवळपास चाळीस वर्षे आधी. म्हणजे आपल्या बाजूच्या भीतिदायक यानाची कल्पना चाहत्यांच्या जगाला परकी नव्हती, उलट ती त्या जगाच्या कडेला आधीपासून उभी होती. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९७६ मध्ये, चाहत्यांच्या पत्रांच्या लाटेमुळे अमेरिकेच्या पहिल्या अंतराळ-शटलला ‘एंटरप्राइझ’ हे नाव मिळाले. युद्धाला न निघालेल्या यानाचे नाव खऱ्या यानाला मिळावे, यासाठी लोकांनी पत्रे लिहिली, ही गोष्ट या चर्चेत विसरता येत नाही.

अर्थात चाहत्यांची प्रत्येक हरकत विवेकातूनच येते असे म्हणता येणार नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘डिस्कव्हरी’ या मालिकेत क्लिंगॉनांची याने पूर्णपणे नव्याने रचली गेली: नक्षीदार, हाडांसारखी, मंदिराच्या शिखरांची आठवण देणारी, त्यांतल्या एका यानाच्या बाह्यांगावर मृत योद्ध्यांच्या शवपेट्या जडवलेल्या होत्या. त्यावर जो रोष उसळला त्यातील बराच भाग सवयीचा होता. लहानपणी पाहिलेली डी-सेव्हन दिसली नाही, म्हणून आलेली ती नाराजी होती. एका भागात ‘डी-सेव्हन’ हे नाव घेतले गेले आणि पडद्यावर भलताच आकार आला, तेव्हा ती अधिकच वाढली. परंतु त्याच गदारोळात एक हरकत अशी होती जिच्यामागे वाचन होते. १९८८ च्या एका भागात क्लिंगॉनांनी मृत देहाला रिकामे कवच मानल्याचे दाखवले होते. मग तीच जमात कथेच्या कालक्रमानुसार शंभर वर्षे आधी मृतांना यानावर बांधून मिरवत असेल, तर मध्यंतरी तिच्या धर्मभावनेत कोणते स्थित्यंतर घडले? हा प्रश्न एखाद्या मानववंशशास्त्रज्ञाला शोभेल असा आहे. निर्मात्यांनी उत्तर दिले ते मात्र सवयीच्या हरकतीला: २०१९ मध्ये दुसऱ्या पर्वात फुटीर घराण्यांना एकत्र आणणारी नवी युद्धनौका म्हणून डी-सेव्हनचा जुना आकार परत आला. शवपेट्यांच्या यानामागचा विचार पुढे नेला असता तर कथाविश्व अधिक समृद्ध झाले असते. ओळखीचा आकार परत मिळाल्यावर तो विचार मागे पडला, याची खंत वाटणे साहजिक आहे.

आपल्या बाजूचे युद्धयान हा प्रश्न व्हेन्जन्सपूर्वी एकदा फार प्रामाणिकपणे हाताळला गेला होता. १९९४ साली ‘डीप स्पेस नाईन’ मालिकेच्या तिसऱ्या पर्वात ‘डिफायंट’ हे यान आले. फेडरेशन, म्हणजे अनेक ग्रहांचा शांततावादी संघ, युद्धयाने बांधत नाही, असा रॉडनबेरीपासून चालत आलेला संकेत होता, आणि रॉडनबेरीचे १९९१ मध्ये निधन झाले होते, त्यामुळे हे यान म्हणजे त्याच्या वारशाशी प्रतारणा, अशी शंका सहज घेता येत होती. मालिकेने ती शंका कथेतच ठेवली. बोर्गांशी झालेल्या वुल्फ ३५९ च्या लढाईत एकोणचाळीस याने आणि सुमारे अकरा हजार माणसे गेल्यानंतर भीतीपोटी या यानाचे आराखडे तयार झाले. आणि तरीही कागदोपत्री त्याचा वर्ग ‘संरक्षक सोबती’ असाच ठेवला गेला, कारण युद्धयान हा शब्द त्या समाजाला उच्चारवत नव्हता. त्याच लढाईत पत्नी गमावलेला सिस्को हा अधिकारी ते यान चालवतो. डिफायंट बुटके आहे, आवळलेले आहे. इंजिने देहाजवळ ओढून घेतली आहेत आणि शस्त्रे इतकी बलाढ्य आहेत की पहिल्या चाचण्यांत यान स्वतःच्याच जोराने विस्कटू लागले होते. हे यान चाहत्यांचे अतिशय लाडके झाले, कारण त्याच्या आकारात एका सज्जन समाजाने केलेली तडजोड आणि तिची लाज, दोन्ही दिसतात.

व्हेन्जन्समध्ये ती लाज नाही, आणि कथेच्या दृष्टीने ती नसावी हेही बरोबरच आहे. अ‍ॅडमिरल मार्कस हा फेडरेशनच्याच नौदलाचा प्रमुख क्लिंगॉनांशी युद्ध पेटवू पाहतो, त्यासाठी गुरू ग्रहाजवळ गुप्तपणे हे यान बांधवतो आणि त्याचे संकल्पन खान या भूतकाळातील हुकूमशहाकडून करून घेतो. ते अगदी थोड्या माणसांनी चालवता येते. म्हणजे शोधकार्यासाठी लागणारे शास्त्रज्ञ, वैद्य, भाषातज्ज्ञ यांची तेथे गरजच उरलेली नाही. तबकडीतील पोकळीकडे या दृष्टीने पाहिले तर ती शोभेची राहत नाही: एंटरप्राइझमध्ये जेथे माणसांची वस्ती आहे तेथेच हे यान कापलेले आहे. मार्कसच्या कार्यालयात मानवाच्या उड्डाणाचा इतिहास सांगणाऱ्या यानांच्या प्रतिकृती ओळीने मांडलेल्या आहेत, आणि त्या ओळीच्या शेवटी व्हेन्जन्स आहे. चाणाक्ष चाहत्यांनी ती प्रतिकृती हेरली आणि मार्कसच्या मते उड्डाणाच्या साऱ्या परंपरेचे फलित काय आहे, ते अचूक ओळखले. ‘असे यान या विश्वात असता कामा नये’ हा त्यांचा उद्गार म्हणूनच आकाराविषयीचा नव्हता. आपल्या बाजूच्या संस्थेने असे काही बांधावे, याविरुद्धचा तो निषेध होता, आणि चित्रपटाने निर्माण करू पाहिलेली भावना नेमकी तीच होती. येथपर्यंत यान, कथा आणि प्रेक्षक एकमेकांशी पूर्ण सुसंगत होते.

तुटते ते यानंतर. हा चित्रपट ११ सप्टेंबरनंतरच्या युद्धांतील माजी सैनिकांना अर्पण केलेला आहे, आणि खटला न चालवता दुरून क्षेपणास्त्रे डागून माणूस मारावा का, हा प्रश्न त्याच्या पूर्वार्धात उघडपणे विचारला गेला आहे. शेवटी खान व्हेन्जन्सला सॅन फ्रान्सिस्को शहरावर कोसळवतो. यान इमारती पाडत जाते, आणि कॅमेरा लगेच रस्त्यावरच्या पाठलागामागे धावतो. पुढे जवळपास वर्षभराने झालेला स्मृतिसमारंभ दिसतो, एंटरप्राइझचा कप्तान कर्क याचे भाषण होते, आणि एंटरप्राइझ पाच वर्षांच्या शोधमोहिमेवर निघते. ऑगस्ट २०१३ मध्ये लास व्हेगासच्या संमेलनात जमलेल्या चाहत्यांनी स्टार ट्रेकच्या चित्रपटांची क्रमवारी लावली तेव्हा हा चित्रपट तळाला गेला. त्याला १९८२ च्या ‘द रॅथ ऑफ खान’ची उचललेली दृश्ये आणि खानच्या भूमिकेतील नटाची निवड ही कारणे बहुधा अधिक प्रबळ असतील; परंतु चाहत्यांनी काळ्या यानाबद्दल विचारलेले प्रश्न त्या कारणांत मावत नाहीत. गुरूजवळच्या त्या गोदीत किती माणसे कामाला होती आणि आपण काय बांधत आहोत हे त्यांना माहीत होते का, मार्कसने मंजुरी कोणाकडून घेतली, तसे दुसरे यान अर्धवट बांधलेले तेथेच पडून आहे का, आणि शहरात मेलेल्यांच्या नातेवाइकांना ते यान आपल्याच नौदलाचे होते हे कोणी सांगितले का, यांतल्या एकाही प्रश्नाला चित्रपटाने हात घातलेला नाही.